न झालेल्या गुणांचा हिशेब

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या फुटबॉल संघाकडे एक जेवणाचा डबा होता. पत्र्याचा, जुना, पोचे आलेला. आपल्याकडे गिरणीच्या भोंग्यावर घराबाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात जसा असे, त्याच जातकुळीचा. फरक एवढाच, की या डब्यात संघातल्या कोणी कधी जेवण भरले नाही. त्यात कागद असत. बचाव करणाऱ्या खेळाडूंनी त्या हंगामात काय काय साधायचे ते लिहिलेले, आणि खाली त्यांच्या सह्या. सामन्याच्या दिवशी बचावफळीतला एखादा आडदांड गडी तो डबा हातात धरून मैदानात उतरे आणि सुमारे पासष्ट हजार माणसे त्या डब्याकडे पाहून आरोळ्या ठोकत. ज्या ब्लॅक्सबर्ग गावात हे घडे, त्या गावाची सगळी वस्ती विद्यार्थी धरूनही पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहे. म्हणजे गावापेक्षा मैदान मोठे.

हा डबा संघाचे दैवत करून ठेवणारे गृहस्थ म्हणजे बड फॉस्टर. १९८७ ते २०१९ असे तेहतीस हंगाम ते या एकाच विद्यापीठात राहिले. त्यांतले पंचवीस हंगाम ते बचावाचे प्रमुख प्रशिक्षक होते, आधी एका सहकाऱ्याबरोबर जोडीने, मग एकटे. संघाचे मुख्य प्रशिक्षक मात्र ते कधीच झाले नाहीत. ज्या व्यवसायात माणसे दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर घेऊन गाव बदलतात आणि जिथे 'मुख्य' या शब्दाखेरीज दुसरी महत्त्वाकांक्षा कोणी कबूल करत नाही, त्या व्यवसायातली ही कारकीर्द आहे. आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांतली मुले-मुली अमेरिकेत अभियांत्रिकीला गेलेली असतात. शनिवारी सगळे गाव एकाच रंगाचे कपडे घालून कुठे जाते, असा प्रश्न तिथे पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना पडतोच. त्या गर्दीच्या आत, मैदानाच्या कडेला घसा फोडून ओरडणाऱ्या एका दुय्यम माणसाची ही हकिगत.

आधी खेळाविषयी थोडे सांगायला हवे. अमेरिकी फुटबॉलमध्ये पायाचा संबंध नावापुरता. अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचे किंवा पुढच्या गड्याकडे फेकायचा. मैदान शंभर यार्डांचे. ज्यांच्याकडे चेंडू, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू दुसऱ्यांचा. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की सहा गुण, वर एखाददुसरा जोडगुण. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. एक फळी मैदानात असते तेव्हा दुसरी बाकावर बसून पाणी पीत असते. त्यामुळे दोन फळ्यांचे प्रशिक्षकही निराळे, त्यांच्या वह्या निराळ्या, जवळजवळ त्यांचे स्वभावही निराळे.

ज्याने कबड्डी पाहिली आहे, त्याला हे समजायला जड जाऊ नये. चढाई करणाऱ्याचे नाव लोकांच्या तोंडी असते, पण सामना पुष्कळदा त्या कोपरारक्षकाने जिंकलेला असतो, जो नेमक्या क्षणी चढाईवाल्याचा घोटा धरतो आणि सोडत नाही. फक्त कबड्डीत पकडीला गुण आहे. या खेळात बचावाला क्वचितच गुण मिळतो. समोरच्याचा गुण झाला नाही, एवढीच त्याची कमाई. जे घडलेच नाही, त्याचा जमाखर्च मांडत बसणे हा बचाव-प्रशिक्षकाचा व्यवसाय. घरात आजारपण येऊ न देणाऱ्या बाईचे, किंवा पूल पडू न देणाऱ्या अभियंत्याचे असते तसेच हे काम. चुकले तरच दिसते.

फॉस्टर यांचा जन्म १९५९ चा, केंटकी राज्यातल्या सॉमरसेट गावातला. शाळा झाली इलिनॉयमधल्या नोकोमिस नावाच्या लहानशा गावात. मग केंटकीतल्याच मरे स्टेट या विद्यापीठात ते खेळले, अर्थात बचावफळीत. तिथे बचावाचे प्रशिक्षक होते फ्रँक बीमर. पुढे बीमर तिथले मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९८१ मध्ये खेळाडूपण संपलेला हा पोरगा त्यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. उमेदवारी हाच शब्द योग्य. तिकडे अशा मुलाला पदवीचे वर्ग करता करता चित्रफिती लावणे, कागद वाटणे, सरावाला शंकू मांडणे अशी सगळी हलकी-सलकी कामे करावी लागतात. गुरूच्या घरी पाणी भरायची आपली पद्धत आपल्याला फार वेगळी वाटते, पण हुन्नर शिकवण्याची रीत बहुतेक सगळीकडे सारखीच असावी.

१९८७ मध्ये बीमर यांना त्यांच्या स्वतःच्या जुन्या विद्यापीठाने, व्हर्जिनिया टेकने, बोलावले. फॉस्टर त्यांच्याबरोबर गेले. तिथे गेल्यावर जे झाले ते काही सुखाचे नव्हते. आधीच्या कारभारातल्या गैरप्रकारांपायी संघावर निर्बंध आलेले. पहिल्या वर्षी दोन विजय, नऊ पराभव. दुसऱ्या वर्षी तीन आणि आठ. सहा वर्षे उलटली तरी, १९९२ च्या हंगामात, पुन्हा दोनच विजय, आठ पराभव आणि एक बरोबरी. अशा वेळी अमेरिकेत फार विचार होत नाही. मुख्य प्रशिक्षक जातो आणि त्याच्या मागोमाग सगळे सहायक आपापल्या बायकामुलांना घेऊन घर विकायला काढतात. विद्यापीठाने बीमर यांना ठेवले, पण सहायकांत मोठे बदल झाले. जे उरले त्यांत फॉस्टर होते. १९९३ मध्ये संघाने नऊ सामने जिंकले आणि हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यात, तिकडे त्याला 'बाऊल' म्हणतात, स्थान मिळवले. त्यानंतर फॉस्टर तिथे असेपर्यंत, म्हणजे लागोपाठ सत्तावीस वर्षे, ते स्थान एकदाही चुकले नाही. ही सत्तावीस वर्षे ज्या सहा वर्षांवर उभी राहिली, ती सहा वर्षे आजच्या कोणत्या संस्थेने एखाद्याला दिली असती, असा प्रश्न मला पडतो. खेळातच नव्हे, कचेरीतही.

डबा आला १९९५ मध्ये. त्या वर्षी फॉस्टर आणि रॉड शार्पलेस यांच्याकडे बचावाची सूत्रे जोडीने आली. शार्पलेस यांच्या सासूबाईंनी कुठूनसा एका कोळसा खाणकामगाराचा जुना डबा मिळवून दिला. ब्लॅक्सबर्ग वसले आहे ते ॲपलॅशियन डोंगररांगांत. जवळच पश्चिम व्हर्जिनिया राज्य, आणि तो सगळा टापू पिढ्यान्‌पिढ्या कोळशावर जगलेला. पहाटे खाणीत उतरायचे, दुपारी तिथेच अंधारात डबा उघडायचा, संध्याकाळी काळे तोंड घेऊन वर यायचे. या विद्यापीठाकडे येणारी मुले देशातली पहिल्या निवडीची नसत. ती बड्या विद्यापीठांकडे जात. तेव्हा जे आहे ते घेऊन रोज कामावर जायचे, एवढाच त्या डब्याचा अर्थ. पहिले दोन सामने संघ हरला. दुसऱ्यात तर सोळा विरुद्ध शून्य. मग बलाढ्य मायामीला तेरा-सात असे नमवले आणि तिथून लागोपाठ दहा सामने जिंकले. शेवटचा विजय टेक्सासवर, शुगर बाऊलमध्ये. त्यानंतर तो डबा कोण टाकून देणार?

फॉस्टर यांच्या पद्धतीचे तांत्रिक बारकावे सांगून मी वाचकांना दमवणार नाही, पण एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ते मुलांना पुढे सरकवत. शाळेत अगदी मागे उभे राहून लांब फेकलेला चेंडू अडवणारा मुलगा असेल, तर त्याला मधल्या फळीत आणायचे. मधला असेल त्याला पहिल्या ओळीत, धिप्पाड गड्यांच्या अंगावर सोडायचे. वजन कमी पडले तरी चालेल, पण पाय चपळ हवेत आणि धडक देताना डोळे मिटता कामा नयेत. त्यांच्या बचावात 'व्हिप' आणि 'रोव्हर' अशी नावे असलेल्या दोन जागा होत्या. व्हिप म्हणजे चाबूक आणि रोव्हर म्हणजे भटक्या. अर्धा रक्षक, अर्धा हल्लेखोर अशी ही माणसे, आणि समोरच्या संघाला ती कोणत्या घटकेला काय करतील याचा पत्ता लागत नसे. १९९९ मध्ये त्यांच्याकडे कोरी मूर नावाचा खेळाडू होता. पहिल्या ओळीच्या टोकाला उभा राहणारा, त्या जागेच्या मानाने ठेंगणा आणि हलका. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंना मिळणाऱ्या मानांपैकी दोन मोठे मान त्याने पटकावले. कॅम चॅन्सेलर हा तर शाळेत आक्रमणाचा सूत्रधार होता. इथे येऊन तो बचावाचा खंदा वीर झाला आणि पुढे व्यावसायिक खेळात सिअ‍ॅटलच्या संघाबरोबर त्याने अजिंक्यपद मिळवले. फुलर नावाच्या एका कुटुंबातले चारही भाऊ याच विद्यापीठातून खेळले, त्यांतले तिघे बचावात. एडमंड्स बंधूंना २०१८ मध्ये व्यावसायिक संघांनी एकाच वर्षी पहिल्याच फेरीत निवडले; दोन सख्ख्या भावांच्या बाबतीत असे त्याआधी घडलेले नव्हते. एका घरातून दुसरा मुलगा त्याच शाळेत येतो, तेव्हा पहिल्याने घरी जाऊन काय सांगितले असेल हे कळायला आकडेवारी लागत नाही.

१९९९ चा तो हंगाम. देशात सर्वांत कमी गुण देणारा बचाव, आणि आक्रमणाला मायकेल व्हिक नावाचे वीज खेळवणारे पोर. सगळे सामने जिंकून संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला. जानेवारी २००० मध्ये, न्यू ऑर्लिन्सला, समोर फ्लोरिडा स्टेट. पहिल्या अर्ध्यात २८-७ अशी धूळधाण. मग चिवटपणे भरून काढत तिसऱ्या सत्राअखेर २९-२८ अशी एका गुणाची आघाडी. शेवटच्या सत्रात मात्र प्रतिपक्षाने अठरा गुण केले. ४६-२९. देशातल्या सर्वोत्तम बचावाच्या नावापुढे सेहेचाळीस! त्यांतले दोन हल्ले तर बचावफळी मैदानात नसताना झालेले होते, चेंडू लाथेने दूर मारण्याच्या डावात. पण धावफलक असा तपशील ठेवत नाही.

२००५ मध्ये सर्वांत कमी यार्ड देणारा बचाव व्हर्जिनिया टेकचा होता. २००६ मध्येही तोच, आणि दर सामन्याला सरासरी अकरा गुण. त्या वर्षी देशातल्या सर्वोत्तम सहायक प्रशिक्षकाला दिला जाणारा ब्रॉइल्स पुरस्कार फॉस्टर यांना मिळाला. असा पुरस्कार मुळात आहे, याचेच मला कौतुक वाटते. तो सुरू झाला १९९६ मध्ये. म्हणजे हा खेळ विद्यापीठांतून शंभरावर वर्षे खेळला गेल्यावर कोणाला तरी दुय्यम माणसाची आठवण झाली.

आणि मग १६ एप्रिल २००७. त्या सोमवारी सकाळी एका विद्यार्थ्याने व्हर्जिनिया टेकच्या वसतिगृहात आणि वर्गांत शिरून बत्तीस जणांना गोळ्या घातल्या. त्यांत आपल्या मुंबईहून पुढल्या शिक्षणासाठी गेलेली एक मुलगी होती. तामिळनाडूतून जाऊन तिथे वर्षानुवर्षे शिकवणारे अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक होते. ती बातमी इथल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर आली, आणि ज्या गावाचे नाव आपण कधी ऐकले नव्हते ते घराघरांत पोचले. मुलांना परदेशी पाठवलेल्या आईबापांनी त्या रात्री किती दूरध्वनी केले असतील, ते ज्यांनी केले त्यांना आठवत असेल.

त्या हंगामात डब्यातल्या कागदांत आणखी एका कागदाची भर पडली. त्यावर बत्तीस नावे होती.

खेळाने दुःखावर फुंकर घातली वगैरे लिहिणे सोपे आहे. तेव्हा तसे पुष्कळ लिहिले गेले. मला त्यात फार तथ्य वाटत नाही. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला १ सप्टेंबरला ईस्ट कॅरोलायनावर मिळालेल्या १७-७ या विजयाने काय फरक पडणार? त्या दिवशी बत्तीस नारिंगी फुगे आकाशात सोडले, लोक रडले, आणि लगेच पुढच्या शनिवारी लुइझियाना स्टेटने याच संघाची ४८-७ अशी दाणादाण उडवली. फुगे सोडले म्हणून समोरचा संघ सवलत देत नाही. संघाने पुढे त्या वर्षी अकरा सामने जिंकले, आपल्या गटाचे विजेतेपदही घेतले. पण या सगळ्यात मला लक्षात ठेवावीशी वाटते ती डब्यातली ती यादी. फॉस्टर यांनी ती झेंड्यावर लिहून मिरवली नाही. रोज कामाला नेण्याच्या डब्यात घातली. त्या दोन माणसांची नावे, आपल्या बाजूची नावे, डोंगरातल्या कुणा खाणकामगाराच्या जुन्या डब्यात बसून मैदानात जात राहिली.

आता डब्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. कष्टकऱ्याचा डबा म्हणून जे चिन्ह मिरवले गेले, ते एका अवाढव्य पैशाच्या धंद्यातले चिन्ह होते. अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत सरकारी तिजोरीशी निगडित सर्वांत जास्त पगार घेणारा माणूस राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. तो विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. बचाव सांभाळणाऱ्या सहायकाचा पगारही काही ठिकाणी वर्षाला वीस लाख डॉलरच्या पुढे गेला. आणि प्रत्यक्ष अंगावर धडका घेणारी मुले? फॉस्टर यांच्या संपूर्ण कारकिर्दीत त्या मुलांना शिष्यवृत्ती, राहणे-जेवण आणि किरकोळ भत्ते यांपलीकडे उघडपणे काही घेण्याची मुभा नव्हती. आपल्या नावावर पैसे मिळवण्याची परवानगी त्यांना जुलै २०२१ मध्ये मिळाली. विद्यापीठाने थेट पैसे द्यावेत हे तर २०२५ मध्ये न्यायालयातल्या तडजोडीनंतर मान्य झाले. खाणकामगाराला निदान आठवड्याचा पगार तरी मिळे. त्यात या खेळातल्या धडका मेंदूला काय करतात, हे आता सगळ्यांना ठाऊक झाले आहे. वर उल्लेख केलेला कॅम चॅन्सेलर तिशीच्या उंबरठ्यावर मानेच्या दुखापतीने कायमचा बाहेर बसला. अशी धडक शिकवणाऱ्या माणसाचे गुणगान करताना हे विसरून चालणार नाही. फॉस्टर एकटे याला जबाबदार नाहीत, आणि त्यांनी ही व्यवस्था बनवलीही नाही. पण ते तिच्यात राहिले, तिच्यावर जगले, तिच्यात मोठे झाले.

तरीही काम ते काम. २०१४ चे एक वर्ष घ्या. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनिया टेकचा संघ ओहायो स्टेटच्या अंगणात खेळायला गेला. प्रेक्षक लाखाच्या वर. ओहायोच्या आक्रमणाचा सूत्रधार नवखा होता, कारकिर्दीतला दुसराच सामना खेळणारा. फॉस्टर यांनी मागे राखणीला जवळजवळ कोणी ठेवलेच नाही. सगळे पुढे आणले. एक चूक झाली असती तर मागे मोकळे रान होते. त्या दिवशी त्यांच्या गड्यांनी त्या सूत्रधाराला सात वेळा चेंडूसकट जमिनीवर लोळवले, तीन वेळा त्याचा फेकलेला चेंडू हवेतच लुटला. ३५-२१. ओहायो स्टेटने त्यानंतर एकही सामना गमावला नाही आणि राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या विजेत्या संघाचा त्या वर्षातला एकमेव पराभव तो.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वेक फॉरेस्ट या दुबळ्या संघाविरुद्ध सामना झाला. साठ मिनिटे संपली तेव्हा फलकावर शून्य-शून्य. म्हणजे फॉस्टर यांच्या बचावाने आपले काम नव्हे, कामाची परिसीमा केली होती. एकही गुण दिला नव्हता. जादा वेळ, मग आणखी जादा वेळ, आणि व्हर्जिनिया टेक ६-३ असे हरले. बचावाने याहून जास्त काय करायचे असते? घरचे सगळे पैसे जपून ठेवणाऱ्या बाईला, संसार का चालत नाही म्हणून विचारण्यासारखे ते होते. फॉस्टर यांनी आक्रमणाच्या प्रशिक्षकाकडे जाहीरपणे बोट दाखवल्याचे माझ्या वाचनात नाही.

२०१५ च्या हंगामाअखेर बीमर निवृत्त झाले. मरे स्टेटपासून धरले तर पस्तीस वर्षांची संगत. आता ती खुर्ची फॉस्टर यांना मिळेल, असे ब्लॅक्सबर्गमधल्या पुष्कळांना वाटत होते. त्यांनाही ती हवी होती. मिळाली नाही. मेम्फिसहून जस्टिन फुएंटे यांना आणण्यात आले. वयाने फॉस्टर यांच्याहून बरेच लहान. रिवाज असा, की नवा मुख्य आपली माणसे घेऊन येतो आणि जुन्यांनी आपण होऊन टेबल रिकामे करायचे असते. फुएंटे यांनी फॉस्टर यांना थांबायला सांगितले. आणि फॉस्टर थांबले.

इथे मी थोडा अडखळतो. आपल्याकडे अशा थांबण्याला निष्ठा म्हणण्याची घाई होते. पण बाहेरून बोलावणी येत असताना, घरात खुर्ची नाकारली गेली असताना, छप्पन्न वर्षांचा माणूस त्याच गावात त्याच जागेवर उद्या सकाळी पुन्हा सरावाला जातो, तेव्हा त्यात निष्ठा किती आणि सवय किती, मुलांची शाळा आणि डोंगरातले घर किती, हे त्याचे त्याला तरी सांगता येईल का? काही माणसांना मुळात खुर्ची नको असते, त्यांना फक्त काम हवे असते. मुख्य प्रशिक्षकाला देणगीदारांबरोबर जेवणे, वार्ताहरांना उत्तरे देणे, नव्या मुलांच्या आयांशी गोड बोलणे असा पुष्कळ वेळ द्यावा लागतो. बचाव शिकवायला वेळ उरतोच कुठे? फॉस्टर यांना खुर्ची मिळाली असती तर डबा दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला असता.

त्या थांबण्याची एक किंमत मात्र कागदोपत्री नोंदलेली आहे. विद्यापीठ फुटबॉलचे जे राष्ट्रीय कीर्तिमंदिर आहे, त्यात प्रशिक्षकाला प्रवेश मिळायचा तर तो किमान दहा वर्षे आणि शंभर सामने मुख्य प्रशिक्षक राहिलेला असावा लागतो. बीमर यांना २०१८ मध्ये तो मान मिळाला, आणि योग्यच मिळाला. फॉस्टर यांच्यासाठी तिथे दारच नाही. पंचवीस वर्षे बचाव सांभाळला, हे वाक्य लिहायला त्या नियमावलीत रकाना नाही. हा नियम ज्यांनी केला त्यांना बहुधा एवढेच ठाऊक असावे, की पाटी एकाच्या नावाची असते. हा नियम बदलायला हवा, असे मला वाटते. एखाद्या संगीत मंडळीच्या इतिहासातून सगळे साथीदार वगळून टाकले तर तो इतिहास किती उरेल?

१ ऑगस्ट २०१९ रोजी फॉस्टर यांनी जाहीर केले, की हा आपला शेवटचा हंगाम. १६ नोव्हेंबरला जॉर्जिया टेकविरुद्ध त्यांच्या बचावाने शून्य गुण दिले, ४५-०. पुढच्या शनिवारी घरच्या मैदानावरचा त्यांचा अखेरचा सामना होता, पिट्सबर्गविरुद्ध. २८-०. लागोपाठ दुसरा शून्य. कथा लिहिणाऱ्याने इथेच लेखणी ठेवली असती. पण हंगामाचे दोन सामने उरले होते. २९ नोव्हेंबरला शेजारच्या व्हर्जिनिया विद्यापीठाने, ज्याला या संघाने लागोपाठ पंधरा वर्षे हरवले होते, ३९-३० असे नमवले. ३१ डिसेंबरला शेवटचा बाऊल सामना, आणि समोर केंटकी. म्हणजे ज्या मातीत फॉस्टर जन्मले, तिथलेच विद्यापीठ. केंटकीकडे सूत्रधाराच्या जागी दुखापतींमुळे दुसऱ्याच जागेवरचा एक गडी उभा होता, फेकण्यापेक्षा पळण्यात तरबेज. सगळा सामना तो पळत राहिला. शेवटी चेंडू त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी एकेक पाऊल करत, घड्याळ खात, मैदान पार केले. आणि पंधरा सेकंद उरले असताना त्या पळणाऱ्यानेच चेंडू फेकला. तो नेमका पोचला.

मग अगदी शेवटच्या डावात केंटकीने व्हर्जिनिया टेकच्या आक्रमणाच्या हातून निसटलेला चेंडू उचलून आणखी सहा गुण केले. ३७-३०. शेवटचे सहा बचावाच्या खात्यातले नव्हते.

फॉस्टर यांच्या जागी आला जस्टिन हॅमिल्टन, त्यांच्याच हाताखाली खेळलेला. दोन हंगामांनी तोही गेला आणि फुएंटेही. २०२१ च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षक म्हणून विद्यापीठाने ब्रेंट प्राय यांना आणले. डबा आला त्याच वर्षी, १९९५ मध्ये, हा प्राय ब्लॅक्सबर्गमध्ये फॉस्टर यांच्याजवळ उमेदवारी करत होता. नंतर दुसरीकडे बचाव-प्रशिक्षक म्हणून त्याने नाव कमावले. गुरूला न मिळालेल्या खुर्चीत शिष्य बसला. सप्टेंबर २०२५ मध्ये, हंगामातले पहिले तीन सामने हरल्यावर, विद्यापीठाने त्याला काढून टाकले. तिसऱ्या सामन्यात समोर ओल्ड डोमिनियन हा त्याच राज्यातला लहानसा संघ होता, आणि बचावाने त्या दिवशी पंचेचाळीस गुण दिले होते.